पंचनाम्यातली चूडी

‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. या प्रकरणात मला घटना नंतर आठवते, आधी एक शब्द आठवतो. तो शब्द मला कळतो असं मी धरून चाललो होतो, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी मूळचा साताऱ्याकडचा. सहायक निरीक्षक म्हणून जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे आला, तेव्हा घरच्यांनी ‘शिक्षा झाली का?’ असंच विचारलं होतं. ठाण्यात झाडीबोली, हिंदी, पोवारी, गोंडी असं सगळं कानावर पडायचं. मी मान हलवायचो आणि अर्धंअधिक हवालदारांवर सोडायचो. पण माणूस एका जागी वर्षभर राहिला की तिथली भाषा आपल्याला येते असं त्याला वाटायला लागतं. मलाही वाटायला लागलं होतं.

महाशिवरात्रीचा दिवस होता. प्रतापगडावर महादेवाची जत्रा भरते, त्याच डोंगरावर दर्गा आहे, आणि त्या दिवशी आमचं सगळं ठाणं तिथे बंदोबस्ताला असतं. सकाळी अकराच्या सुमारास बातमी आली, की प्रवाशांची एक जीप रस्ता सोडून शेतात उलटली आहे. मी पोहोचलो तेव्हा जखमींना लोकांनी मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. जीप लाखोळीच्या शेतात डाव्या कुशीवर पडली होती. तिचं पुढचं डावं चाक निखळून चाळीस पावलांवर एका बोडीच्या काठाला जाऊन पडलं होतं. बोडी म्हणजे धानाच्या शेताला पाणी देणारं छोटं तळं, इकडे गावोगावी असतात.

एक म्हातारी जागेवरच गेली होती. ती जीपमालकाची आई. मालक स्वतः त्या दिवशी घरी होता. जीप चालवणारा माणूस त्याच्याकडे सहा वर्षं कामाला होता, त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. मी गेलो तेव्हा तो म्हातारीच्या पायाशी बसला होता. कपाळाला खोक पडली होती, आणि हातात चाकाचा पाना होता. तो पाना त्याने मी सांगेपर्यंत खाली ठेवला नाही.

शेजारच्या शेतात काम करणाऱ्या बाईने जबाबात सांगितलं, “सारे रडून राहिले होते, डोकरी पडली होती, अन् हा पाना घेऊन दुसरं चाक खोलून राहिला होता जी. माह्या डोऱ्यानं पाह्यलं.”

मी त्याचा अर्थ लावून टाकला. लांबून पाहणाऱ्याला नट खोलणं काय आणि आवळणं काय, सारखंच दिसतं. एका चाकाचे नट ढिले राहिले, ते निघालं. आता दुसऱ्याचे आवळून ठेवतोय, म्हणजे पोलिसांना सगळं ठीक दिसावं. मालकाचंही तेच म्हणणं होतं. डोक्याचे केस उतरवलेला तो माणूस ठाण्यात माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, “रोज सकाळी नट पाहत जा, म्हनून म्या त्याले शंभरदा सांगतलं होतं साहेब. हरामखोरानं माही माय मारली. त्याले सोडू नका.”

हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत होणे, म्हणजे भारतीय दंड विधान कलम ३०४-अ, शिवाय २७९ आणि ३३७, असा गुन्हा दाखल झाला. कलमं जामीनपात्र असल्याने चालक ठाण्यातूनच जामिनावर सुटला. वाहन तपासणी अधिकाऱ्याला मी पत्र दिलं होतं, त्यात ब्रेक आणि स्टिअरिंगबद्दल विचारलं होतं. त्यांनी तेवढंच तपासलं: ब्रेक चालू स्थितीत, स्टिअरिंगला अपघाताचा मार, डावं चाक नट ढिले झाल्याने निघालेलं. अहवालात चूक काही नव्हती. माझा प्रश्नच तेवढा होता.

सातव्या दिवशी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो ऐकला तसा लिहून ठेवला. बोलणारा हिंदीत बोलत होता, नाव सांगितलं नाही. “वो जत्रावाले अ‍ॅक्सिडेंट में चूडी देखना साहब. चूडी पूरी नहीं थी.” एवढं बोलून फोन ठेवला.

चूडी म्हणजे बांगडी. एवढी हिंदी मला येत होती. मी मयताचा पंचनामा काढला. त्यात लिहिलं होतं, ‘उजव्या हातात सोन्याची पाटली एक.’ डाव्या हाताबद्दल काही नव्हतं. पाटल्या जोडीने असतात, एक हात रिकामा कसा? आणि गर्दीतले लोक जखमींना उचलत असताना मयताजवळ थांबलेला एकच माणूस होता. माझ्या डोक्यात सगळं खटाखट बसलं. आमच्या धंद्यात ही वेळ सगळ्यात धोक्याची असते, पण हे कळायला नोकरी संपावी लागते.

म्हातारीच्या मुलाला एक प्रश्न विचारायचा होता: तुझ्या आईच्या हातात पाटल्या किती होत्या? मी तो विचारला नाही. दुःखातल्या माणसाला आणखी कशाला त्रास द्यायचा, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं, की मला उत्तर माहीत आहे याची मला खात्री होती.

चालकाला बोलावून घेतलं. चौकशीच्या खोलीत मी, तो आणि माझा लेखनिक हवालदार एवढेच होतो. मी कधी आरोपीवर हात उचलला नाही, आणि या गोष्टीचा मला तेव्हा गर्व होता.

मी थेट विचारलं, “गाडी उलटल्यावर तू काय काढलंस?”

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. “काही नाही जी.”

“लोकांनी पाहिलंय. सगळे रडत होते आणि तू काढत होतास.”

तो हळू आवाजात म्हणाला, “तुमाले कोनं सांगतलं?”

हा प्रश्न म्हणजे अर्धी कबुली. कुठल्याही पोलिसाला विचारा. मी विचारलं, “काढून टाकलंस कुठे?”

“साहेब, मालकाले मालूम झालं का?”

“अजून नाही.”

“त्याले सांगू नका जी. मले जे करायचं ते करा. पन त्याले सांगू नका.” तो खुर्चीवरून उतरून माझ्या पायाशी वाकला.

मला त्याचा संताप आला. मी म्हणालो, “मेलेल्या बाईच्या हातातली पाटली काढतोस, आणि वर तिच्या मुलाला सांगू नका म्हणतोस? ज्या घरचं खाल्लंस त्या घरच्या मढ्यावरचं सोनं काढताना हात थरथरला नाही?”

त्याने मान वर केली. “पाटली?” असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मोठा श्वास सोडला, त्याचे खांदे खाली आले, आणि चेहऱ्यावर एक सुटल्यासारखा भाव आला. तो म्हणाला, “हो जी. पाटली म्याच काढली. तसंच लिवा.”

गुन्हा कबूल केल्यावर माणूस हलका होतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. मला त्याच्या चेहऱ्यावर तेच दिसलं. हवालदाराकडे पाहून मी डोळ्यांनीच ‘पाहिलंस?’ असं विचारलंही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, माल हस्तगत व्हावा लागतो. पाटली कुठे आहे हे मात्र तो सांगेना. “याद नाही जी,” एवढंच. मग पंच घेऊन मी त्याच्या घराची झडती घेतली. दोन खोल्यांचं घर, अंगण शेणाने सारवलेलं, भिंतीला बाबासाहेबांची तसबीर. त्याच्या बायकोने ‘जयभीम साहेब’ म्हणून आम्हाला बसायला खाट टाकली. येण्याचं कारण ऐकल्यावर ती खाटेपासून दोन पावलं मागे सरली. वस्तीतली माणसं कुडापलीकडे जमली होती. डबे, गाठोडी, धानाची कोठी, सगळं आम्ही उलथं केलं. तिच्या हातात दोन पिवळ्या बांगड्या होत्या. मी त्या काढायला सांगितल्या.

“नकली आहेत जी. मागच्या साली जत्रेतून आनल्या होत्या यायनं,” ती म्हणाली. पण काढल्या, आणि माझ्या हातात न देता खाटेवर ठेवल्या. “मेलेल्याचं आमच्या घरात काही येत नाही साहेब. तुम्ही पाहून घ्या.”

पंचनाम्यात आम्ही कधी सोनं लिहीत नाही, ‘पिवळ्या धातूच्या’ असं लिहितो. मी लिहवून घेतलं: चोरीच्या मालापैकी असल्याच्या संशयावरून पिवळ्या धातूच्या बांगड्या दोन जप्त. आम्हाला एक पाटली हवी होती, आणि या दोन बारीक बांगड्या होत्या. मला ते तेव्हाही दिसत होतं. चोरीचं कलम वाढवलं, त्याला अटक केली, आणि न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. गावात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. त्याच्या पोरीला शाळेत ‘मढ्याचं सोनं’ म्हणून चिडवलं, असं हवालदार मला सांगत होता. मी फायलीतून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात आमच्या सरकारी जीपचं चाक बदलणं चाललं होतं. मी पायरीवर चहा पीत उभा होतो. आमचा चालक शिपाई, तिकडचाच, पान्याशी झटत होता. नट नुसताच फिरत होता. तो वैतागून म्हणाला, “घ्या. याची चूडी गेली.”

मी विचारलं, “काय गेली?”

“चूडी, साहेब. नट पकडून नाही राहिला.” माझा चेहरा पाहून त्याने बोल्टवर नख फिरवून दाखवलं. “हे असे गोल-गोल कापलेले राहते ना, याले चूडी म्हनते इकडं. मिस्त्री लोक सारे तसंच म्हनते. तुमच्याकडं काय म्हनता?”

आमच्याकडे आटे म्हणतात. चहाचा कप मी पायरीवर ठेवला. ‘चूडी पूरी नहीं थी.’ लेखनिक हवालदार मागे उभा होता. त्याला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“मालूम होतं साहेब,” तो म्हणाला. “पन तुम्ही पंचनामा दाखवला ना पाटलीचा. मंग मले वाटलं, तुमचंच बरोबर असन.”

त्याने मला इतके दिवस साहेब म्हणून वागवलं, आणि मी तेच तर मागत होतो.

अपघातातली जीप आवारातच कडुनिंबाखाली उभी होती. आम्ही तिघे तिच्याकडे गेलो. चालक शिपायाने डाव्या हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीचे, पाच बोल्ट पुसले. प्रत्येक बोल्टच्या फक्त टोकाचे दोन-तीन आटे चावल्यासारखे झाले होते, बाकीचे कोरे. म्हणजे नट टोकालाच लटकलेले होते. मग तो उजव्या चाकाकडे गेला. ते चाक जागेवर होतं, नट पूर्ण बसलेले. त्याने स्टिअरिंग वळवलं आणि टायर पाट्याच्या स्प्रिंगला घासून अडकला. त्याने पुन्हा वळवून पाहिलं, पुन्हा अडकलं.

“साहेब, टायर रुंद टाकले याले. असं चाक बसवलं तं गाडी मोडावरून वळनच नाही. जत्रेपर्यंत आली कशी? चाकाच्या अन् हबच्या मधात काही तरी होतं. कोनं काढून घेतलं.”

पाना घेऊन दुसरं चाक खोलत होता, असं शेतातली बाई म्हणाली होती. गाडी डाव्या कुशीवर, उजवं चाक हवेत. जॅकसुद्धा लावायची गरज नव्हती.

चालकाला कोठडीतून बाहेर आणलं. या वेळी खोलीत नेलं नाही, जीपजवळ नेलं. त्याच्यासमोर स्टिअरिंग वळवून दाखवलं. टायर घासल्याचा आवाज झाला, आणि तो तिथेच मातीत बसला.

“पाटलीचं म्या हो म्हटलं होतं ना साहेब,” तो म्हणाला. “मंग अजून कायले खोदून राहिले?”

मीही त्याच्यासमोर उकिडवा बसलो. वर्दीत असा बसायची मला सवय नव्हती. “मध्ये काय होतं?”

“चकत्या होत्या. दोन. मालकानं गोंदियातून लेथवर करून आनल्या होत्या. टायर रुंद टाकले तं ते आत घासे. चकती टाकून चाक बाहेर काढलं. दिसायले लय झकास दिसे. पन बोल्ट तेवढेच ना जी. चकतीनं जागा खाल्ली, नटाले पकडायले राहिलं काय? म्या म्हटलं होतं, मालक, नट पुरा बसत नाही. थो म्हने, रोज कसत जा. रोज कसे म्या. त्या दिवशीही कसले होते.”

“मग काढून का टाकल्यास? त्या चकत्यांनी तू सुटला असतास.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच काहीतरी समजायचं राहून गेलंय. “साहेब, त्याची माय मेली. सहा वर्सं मले भाऊ म्हने थो. सकाळचा पयला चहा त्या डोकरीच्या हातचा पीत होतो. तुह्याच चकतीनं तुही माय मेली, असं त्याले कोन सांगल? म्या नाही सांगत जी. अन् चालवत तं मीच होतो. नट पुरा बसत नाही हे मालूम होतं, तरी चावी म्याच फिरवली ना.”

“आणि पाटली? चोर ठरलास की.”

“तुम्ही पाटली म्हटलं तं मले बरं वाटलं,” तो म्हणाला. “म्हटलं, चला, याइले चकतीचं मालूम नाही.”

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच कबुल्या ऐकल्या. शब्दन् शब्द आठवते ती ही एकच.

त्याने जागा दाखवली आणि पंचांसमोर तसा मेमोरंडम, म्हणजे त्याच्या निवेदनाचा पंचनामा, झाला. बोडीत मांडीएवढं पाणी होतं. गावातले दोन ढीवर, म्हणजे मासेमारी करणारे, पायाने चाचपत उतरले आणि तासाभरात दोन्ही चकत्या वर आल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या, दीड बोट जाडीच्या, पाच-पाच भोकांच्या. एकीची भोकं गोल राहिली नव्हती, घासून लांबट झाली होती. तपासणी अधिकाऱ्याला मी पुन्हा बोलावलं, आणि या वेळी प्रश्न नीट विचारले.

त्यांनी मला जे समजावलं ते इथे सांगतो, कारण अशा चकत्या, ज्यांना स्पेसर म्हणतात, आजही पुष्कळ लोक बसवतात. स्पेसर मुळात वाईट वस्तू नाही, असं ते म्हणाले. नीट मापाचा, हबवर आणि चाकात घट्ट बसणारा, मजबूत धातूचा असेल आणि त्याच्यासोबत बोल्टही तेवढे लांब टाकले असतील, तर गाडी वर्षानुवर्षं चालते. चाकं बाहेर आली की गाडी जमिनीवर रुंद उभी राहते, वळणावर कमी डुलते, हे खोटं नाही. पण त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. वजनाचा जोर हबपासून दूर जातो, बेअरिंग लवकर जातं, स्टिअरिंग जड होतं. आणि या चकतीत मधली ती कडाच नव्हती, जिच्यावर चाक हबला टेकून बसतं. सगळा भार पाच बोल्टांवर, आणि बोल्टांना नटाचे दोन आटे. ‘बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढी लांबी नटाने पकडली पाहिजे,’ ते म्हणाले. शिवाय वाहनात असा बदल परवानगीशिवाय करताच येत नाही.

लेथवाला गोंदियात तांदळाच्या गिरण्यांमागे सापडला. फोन त्यानेच केला होता. “मैंने उसको बोला था साहब, लंबा स्टड डालो, नहीं तो चूडी नहीं पकडेगी. बोला, बाद में डालता हूँ. पेपर में पढा तो तीन दिन खाना नहीं गया.” मग तो जरा अडखळत म्हणाला, “आपको चूडी बोला था ना? समझ गए थे ना आप?”

मी ‘हो’ म्हणालो. तेवढं खोटं बोललो.

आता मालकाला सांगायचं होतं. समन्स पाठवून ठाण्यात बोलावता आलं असतं. पण मी दुपारी त्याच्या घरी गेलो. तेरवी होऊन गेली होती. तो ओसरीवर बसला होता. मला पाहून म्हणाला, “सोडलं नाही ना त्याले?”

मी लांबट भोकांची चकती त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली, उलटी केली, एका भोकावरून अंगठा फिरवला. त्याला विचारायची गरज पडली नाही. या चकत्या इतके दिवस त्याला आठवल्या नव्हत्या का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणूस आपल्याला झेपेल तेवढंच आठवतो, असं माझं मत झालं.

“कुठं होती?”

“बोडीत. त्याने टाकली होती.”

“त्यानं माहं नाव काऊन नाही घेतलं?”

मी चालकाचे शब्द त्याला जसेच्या तसे सांगितले. तो रडला नाही. चकती मांडीवर ठेवून बसून राहिला. आतून त्याची बायको दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली.

“मायच म्हने साहेब,” तो शेवटी बोलला. “म्हने, बापा, तुही गाडी लय डुलते, मले भेव लागते. म्हटलं, रुंद केली तं पलटनार नाही. तिच्यासाठीच केली होती.” मग चकती माझ्याकडे सरकवून म्हणाला, “लिवा साहेब. माहं बयान लिवा. मी सांगतो तसं.”

जबाब संपल्यावर जाता जाता मी त्याला आठ दिवस आधी विचारायचा तो प्रश्न विचारला. आईच्या हातात पाटली एकच का होती?

“एक बहिनीले लग्नात देल्ली होती. बारा वर्सं झाले. साऱ्या गावाले मालूम आहे,” तो म्हणाला. “काऊन?”

मी जबाबाचे कागद गोळा केले आणि निघालो.

चालकाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल पाठवून त्याला गुन्ह्यातून मुक्त केलं. चकत्या टाकून दिल्याबद्दल पुरावा नष्ट केल्याचं कलम त्याला लावायचं की नाही, यावर मी वरिष्ठांना सगळं खरं लिहून कळवलं, माझ्या चुकीसकट. ते लावलं गेलं नाही, पण मला लेखी समज मिळाली, आणि ती योग्य होती. मालकावर दोषारोपपत्र गेलं. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. हवालदाराने मला सांगितलं, की त्याआधी एके संध्याकाळी तो वस्तीत चालकाच्या घरी गेला आणि अंगणात उभा राहिला. चालकाने खाट बाहेर आणून टाकली. पुढे काय बोलणं झालं ते हवालदारालाही माहीत नाही.

राहिल्या त्या दोन बांगड्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या परत करायच्या होत्या. हे काम शिपायाचं असतं, पण मी स्वतः गेलो. चालक घरी नव्हता, त्याची बायको अंगणात धान पाखडत होती. मी लाखेची मोहर फोडून पाकीट तिच्यापुढे धरलं आणि पावतीवर अंगठा द्यायला सांगितलं.

“मले लिवता येते,” ती म्हणाली. तिने सही केली, पण बांगड्या घेतल्या नाहीत. “साहेब, त्या दिवशी कागदावर लिवलं होतं ना, चोरीच्या म्हनून. ते खोडलं का?”

मी तिला समजावून सांगितलं, की गुन्हा काढून टाकला आहे, तिच्या नवऱ्यावर आता काही डाग नाही, आणि पंचनामा एकदा झाला की त्यातलं खोडता येत नाही, तो कागद जसा आहे तसाच फायलीत राहतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मंग ठेवा तिथं खाटेवर.” आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगतो. रस्त्यात रुंद चाकांची गाडी उभी दिसली की मी अजूनही वाकून नट पाहतो, आणि चालकाला लांब बोल्ट टाकलेत का ते विचारतो. लोक म्हाताऱ्याला हसतात, हसू देत. दुसरी गोष्ट कामातली. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी सांगत आलो, की ऐकलेला शब्द कागदावर उतरवण्याआधी, तो बोलणाऱ्याच्या तोंडी काय अर्थाचा आहे ते विचार. विचारण्यात कमीपणा नाही.

पण मनात राहिलंय ते यातलं काहीच नाही. त्या खाटेवर मी बांगड्या ठेवल्या आणि जीपकडे गेलो. वळून पाहिलं तेव्हा त्या तिथेच होत्या. फायल अभिलेख कक्षात कुठेतरी असेल, नियमाप्रमाणे नष्ट केली नसेल तर. त्यात ‘चोरीच्या मालापैकी’ हे शब्द जसेच्या तसे आहेत, आणि त्यांच्याखाली सही माझी आहे.